हौसाआजीची राहिलेली इच्छा

हौसाआजी बिडी ओढायची, तमाशाला पुढच्या रांगेत बसायची आणि त्याबद्दल कुणापुढे कधी मान खाली घालायची नाही. तिच्या दहाव्याला सगळा गाव नदीवर लोटला, पण कावळा काही पिंडाला शिवेना.

ऊन चढलं. पिंडापाशीच काळी छत्री उघडून उभे असलेले दाजीसाहेब इनामदार गरजले, "असल्या बाईच्या पिंडाला कावळा शिवतोय होय! नातीनं तिच्या वतीनं गावाची माफी मागावी."

नातीच्या वडिलांनी तर हातच जोडले. नात सुरेखा मात्र पिंडाकडंच बघत होती. तेवढ्यात एक कावळा खाली झेपावला आणि छत्री हलताच माघारी फिरला. ते तिनं बरोबर हेरलं.

"आजीची एक इच्छा राहिलीय," ती म्हणाली.

"मग सांग की! मी स्वतः पुरी करतो," दाजीसाहेबांनी चारचौघांत शब्द दिला.

"ती म्हणायची, या दाजीसाहेबांनी एकदा तरी माझ्या वाटेतून बाजूला व्हावं."

दाजीसाहेब लालबुंद झाले, पण शब्द देऊन बसले होते. पाय आपटत, छत्रीसकट वीस पावलं मागं सरले.

कावळ्यानं झडप घातली.

"बघा दाजीसाहेब," सुरेखा म्हणाली, "आजीचं घोडं कुठं अडलं होतं ते!"