हुपरावाची उशिराची ढेप

झाडं बोलायची तेव्हाची गोष्ट. हुपराव माकडाच्या गुऱ्हाळात दगडू रेडा चरक ओढायचा. त्याच्या म्हातारपणासाठी दर पौर्णिमेला मुंगीबाईच्या कोठारात गुळाच्या दोन ढेपा ठेवायच्या, एक मालकाची, एक दगडूच्या मजुरीतून कापलेली. हुपराव कापायचा वेळेवर, पण ठेवायला मुहूर्तच सापडेना. रोज ढेपा चाटत बसायचा.

दगडू थकला, तेव्हा हुपरावानं सगळ्या ढेपा एकदम नेल्या, चाटून गुळगुळीत झालेल्या.

"मुंगीबाई, उशीर झाला खरा, पण एकही कमी नाही!"

"उशिराच्या प्रत्येक ढेपेमागे आणखी एक ढेप दंड, भाऊ."

"अगं बाई, घरात खडासुद्धा नाही!"

"मग जुंपून घ्या स्वतःला."

आता हुपराव गोल गोल फिरतो आणि दगडू सावलीत गूळ चघळत ओरडतो, "मालक, शेपूट सांभाळा, चरकात जाईल!"