डाव्याच्या वाट्याची ढोलकी

हेडफोनला वायरची शेपटी असायची, तो काळ नुकताच सरला होता. तेव्हा शेवंता कुंभारणीच्या छोट्या डबीत उजवा आणि डावा असे दोन हेडफोन राहायचे. सख्खे भाऊ. चाकावर तिचे हात मातीने भरलेले असत, म्हणून गाणी आणि फोन दोन्ही यांच्याच जिवावर. गाण्यात उजवा ढोलकी वाजवी, डावा गाई. फोन आला की उजवा गाणं थांबवी.

"दादा, ऐन रंगात तोडलंस!" डावा चिडे.

"गाणं थांबतं रे वेड्या, माणूस थांबत नाही."

एके दिवशी उजवा कानातून निसटला तो थेट पेटत्या भट्टीत पडला.

डावा डबीत दडून बसला. "दादाशिवाय मी वाजायचा नाही!"

"नको वाजूस," डबी म्हणाली. "शेवंताची लेक बाळंतपणाला दवाखान्यात आहे. तिचा फोन कोण घेणार? मी?"

डावा ताडकन उठला आणि कानात जाऊन बसला. गाणं सुरू झालं आणि तो दचकला. ढोलकी! आता जोडीदार नसल्याने दोन्ही बाजूंचे आवाज त्याच्या एकट्यातून येत होते. दादाचा ठेका त्याला सोडवेना.

इतक्यात फोन आला. डाव्याने स्वतःच्या हाताने ढोलकी थांबवली.

"आई, मुलगी झाली गं!"

शेवंताने मातीच्या हातांनीच डोळे पुसले. फोन संपला. गाणं जिथे थांबलं होतं तिथूनच सुरू झालं, ढोलकीसकट.