राहिलेला घडा

पूर्वी दंतपुरात वीरसेन राजा राज्य करीत असताना, त्याच्या राज्याच्या नवव्या वर्षी, शरद ऋतूत, कार्तिक शुद्ध पंचमीला बोधिसत्त्व न्यायसभेत उभा राहिला. त्या जन्मी तो कड्यावरचा मध काढणारा होता.

कड्यावरून खाली उतरताना वरचा दोर विश्वासाच्या माणसाने धरायचा असतो. तो त्याची बायको धरी. पुढे ती त्याला सोडून नगरातल्या धनक विणकराच्या घरी नांदायला गेली. त्यांची चार वर्षांची लेक चंपा तिच्याबरोबर गेली. मधमाश्यांच्या डंखांनी सुजलेले बापाचे तोंड पाहिले की पोर भिऊन धनकाच्या मागे लपे. धनकाला ती स्वतःची लेक म्हणून हवी होती. बोधिसत्त्वाने पाहिले, पोर तिथे हसते. म्हणून त्या दिवशी न्यायसभेत त्याने हातावर पाणी घेऊन लेकीवरचा हक्क सोडला.

न्यायाधीश म्हणाला, "हक्क सुटला, तशी पोटगीही सुटली."

"सुटलास गड्या!" धनक हसला. "आता पोटगीचा वर्षाचा मधाचा घडा तूच खा."

"पाणी हक्कावर सोडलं," बोधिसत्त्व म्हणाला. "तिच्या पोटावर नाही. सोळाची होईपर्यंत दर वर्षी घडा येईल."

"आण बापड्या. पण तू कोण, ते तिला कळता कामा नये."

"नाही कळणार."

तेव्हापासून तो दोर झाडाला बांधू लागला. रानात आठ-आठ दिवस त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. दर कार्तिकात तो परसदारी घडा ठेवी आणि कोणी बाहेर येण्याआधी मागे फिरे. सातव्या वर्षी झाडाचा दोर सुटला. पाय मोडला. त्या वर्षी घडा गेला नाही.

चंपा सोळाची झाली. पुढच्या कार्तिकात तो लंगडत पुन्हा आला.

"आता कशाला?" परसात सूत वाळवणाऱ्या धनकाने विचारले. "मुदत संपली."

"एक राहिला होता."

"मागितला कोणी?"

बोधिसत्त्वाने घडा खाली ठेवला. तेवढ्यात चंपा तांब्या घेऊन बाहेर आली.

"दमलात ना, बाबा? पाणी घ्या." कोणाही म्हाताऱ्याला म्हणावे तसे ती म्हणाली.

धनकाचा हात सुतावर थांबला. बोधिसत्त्व एक शब्द बोलला असता, तर त्याला लेक मिळाली असती. त्याने ओंजळ पुढे केली आणि तो पाणी प्याला.

"सुखी राहा, बाई," म्हणाला आणि रानाची वाट धरली.

जमलेल्या भिक्खूंना एवढे सांगून त्यांचे गुरू शास्ता म्हणाले, "घर सोडल्यावर घरचे देणे उरते का, असे आज विचारणारा भिक्खू तेव्हाचा धनक. काल आपल्याला भिक्षा वाढणारी उपासिका ती चंपा. मध काढणारा मीच होतो. दिलेला शब्द पाळणे, ही सत्यपारमिता."

राहिलेल्या घड्याचे देणे फिटले होते.