जाळ्यांचा मालक सापडला

किनाऱ्यावर वाहून आलेली फाटकी जाळी गोळा करून चांगुणा पिशव्या विणायची. शहरात त्या हातोहात खपू लागल्या, तसं ट्रॉलरवाल्या पोशाशेठच्या पोटात दुखू लागलं. नारळी पौर्णिमेला अख्खा कोळीवाडा किनाऱ्यावर जमला, तेव्हा तो गरजला, "ही जाळी माझ्या ट्रॉलरची! म्हणजे पिशव्याही माझ्याच."

चांगुणानं पिशव्यांची पाटी त्याच्यापुढं ठेवली आणि गर्दीला हाक दिली, "अरे, भरसमुद्रात असली जाळी अडकून कुणाकुणाच्या होडीचा पंखा मोडला होता? या पुढं! मालक सापडला!"

बाह्या सरसावत निम्मा कोळीवाडा पुढं आला.

शेठ घाईघाईनं म्हणाला, "छे छे, ही माझी नव्हेतच!"

"मग पिशव्या माझ्या," चांगुणा हसली. "शेठ, नारळ न्यायला एक देऊ का?"