टिंबीचं तळं आणि एसीची जाळी

एक होती बेडकुली. नखाएवढी. तिचं नाव टिंबी.

वामनकाकांच्या गॅलरीत होती एक कुंडी. कुंडीखाली ताटली. ती ताटली म्हणजे टिंबीचं तळं! एसीच्या नळीतून थेंब पडायचे, टप टप टप. टिंबी डुंबायची, डुबुक डुबुक.

एक दिवस थेंब थांबले. तळं आटलं. टिंबीची पाठ कोरडी पडली. आता बेडकुलीनं जगायचं कसं? टिंबी फार घाबरली.

टुण टुण टुण. टिंबी गेली नळीकडे.
"नळीताई, नळीताई, थेंब दे.
माझं तळं भरेना."
नळी म्हणाली, "एसी गार होईना. मी थेंब कुठून देऊ?"

टुण टुण टुण. टिंबी गेली एसीकडे.
"एसीदादा, एसीदादा, गार हो.
नळी थेंब देईना,
माझं तळं भरेना."
एसी म्हणाला, घर्र घर्र, "जाळी वारा सोडीना. मी गार कसा होऊ?"

टुण टुण टुण. टिंबी शिरली एसीच्या पोटात.
"जाळीबाई, जाळीबाई, वारा सोड.
एसी गार होईना,
नळी थेंब देईना,
माझं तळं भरेना."
जाळी म्हणाली, "धूळ हटेना. मी वारा कसा सोडू?"

धूळ तिथंच होती. जाळीवर पसरून बसली होती ऐसपैस.
"धूळमावशी, धूळमावशी, हट ना.
जाळी वारा सोडीना,
एसी गार होईना,
नळी थेंब देईना,
माझं तळं भरेना."
धूळ म्हणाली, "ब्रश घासेना. मी कशाला हटू?"

टुण टुण टुण. टिंबी गेली ब्रशकडे.
"ब्रशभाऊ, ब्रशभाऊ, घास ना.
धूळ हटेना,
जाळी वारा सोडीना,
एसी गार होईना,
नळी थेंब देईना,
माझं तळं भरेना."
ब्रश म्हणाला, "काका उठेनात. मी एकटा कसा घासू?"

टुण टुण टुण. टिंबी गेली काकांकडे. काका घामाघूम. रिमोट दाबतायत, टिक टिक टिक.
"वामनकाका, वामनकाका, उठा ना.
ब्रश घासेना,
धूळ हटेना,
जाळी वारा सोडीना,
एसी गार होईना,
नळी थेंब देईना,
माझं तळं भरेना."
काका म्हणाले, "हिवाळाभर एसीला कव्हर होतं. काकूनं शिवलेलं, झालरीचं. धूळ येईल कुठून? विजेचा मीटर बोलला तर उठेन."

मीटर कधी बोलतो का? काकांना वाटलं, सुटलो.

टुण टुण टुण. टिंबी गेली मीटरकडे. मीटरचा लाल दिवा लुकलुकलुकलुक. बिचारा दमून गेला होता.
"मीटरमामा, मीटरमामा, बोला ना.
काका उठेनात,
ब्रश घासेना,
धूळ हटेना,
जाळी वारा सोडीना,
एसी गार होईना,
नळी थेंब देईना,
माझं तळं भरेना."

आणि मीटर बोलला!
"वामनकाका, वीज जाते भराभर, गारवा नाही कणभर. बिल कोण भरणार?"

काका उठले ताडकन. बटण बंद केलं. झाकण उघडलं. अगंबाई, केवढी धूळ! मागच्या उन्हाळ्यातली. कव्हराखाली मजेत झोपलेली. काकांनी जीभ चावली.

मग काय!
ब्रश घासू लागला, घस घस घस.
धूळ हटली, भुर्रर्र.
काकांनी बटण पुन्हा चालू केलं, टिक.
जाळी वारा सोडू लागली, सूं सूं सूं.
एसी गार झाला.
आणि नळी?
टप.
टप टप.
टप टप टप!

टिंबीनं पाठ थेंबाखाली धरली. हुश्श! किती बरं वाटलं तिला.

मीटरही हळू झाला. लुक... लुक... पुढचं बिल आलं, छोटंसं. काका आता दर महिन्याला जाळी धुतात. कुणाला सांगावं लागत नाही.

तळं भरलं, टिंबी न्हाली,
गोष्ट आपली पुरी झाली.