तांबड्या टोकाचा हट्ट

हे कुणाला सांगू नकोस, असं टाचणीने मला बजावलं होतं. तरी सांगते.

खूप वर्षांपूर्वी एका शिंप्याकडे सांडलेल्या टाचण्या उचलायला लोहचुंबकाची पट्टी होती. तिचं उत्तरेचं टोक तांबडं, दक्षिणेचं निळं. तांबडं रोज कुरकुरायचं, "टाचण्या मी उचलायच्या आणि नाव दोघांचं. मला वेगळं व्हायचंय."

"जा की, कोण अडवतंय?" निळं म्हणायचं.

एकदा तांबड्याने शिलाई मशीनच्या लोखंडी पायाकडे अशी झेप घेतली, की पट्टी टेबलावरून पडून मधोमध तुटली.

"सुटका झाली एकदाची," तांबडं म्हणालं. तेवढ्यात त्याच्याच तुटक्या कडेतून आवाज आला, "दादा, मी तुमचं नवं दक्षिण टोक. चुंबकाचा तुकडा केला तरी दोन्ही टोकं लागतातच."

पलीकडे निळ्यालाही नवं उत्तर टोक फुटलं होतं. दोन्ही नवी टोकं एकमेकांकडे ओढली गेली आणि टक् करून चिकटली. पट्टी पुन्हा पहिल्यासारखी लांब झाली.

तांबडं चिडेल असं टाचण्यांना वाटलं. पण ते हळूच म्हणालं, "निळ्या, फार लागलं नाही ना?"

त्यावर निळं हसलं आणि म्हणालं, "लागलं थोडं, पण तू आधी—"

आले गं आई, एवढं एक वाक्य लिहून होऊ दे—