रिबकाबाईनं आणलेली अंजिरं

तर एकदा काय झालं, एका गावात रिबकाबाई नावाची विधवा राहायची. गावात तिच्याएवढे उपास कुणी केले नव्हते. आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची!

एकदा तिची लेक सुवार्ता तापानं फणफणली. सात दिवस झाले, ताप उतरेना. नदीपलीकडं प्रभूची बाग होती. तिथलं अंजीर खाल्लं की कसलाही आजार पळायचा. पण नदीवर ना पूल, ना होडी.

मग रिबकाबाई काठावर गेली. म्हणाली, "दरसाल चाळीस दिवस उपास करते मी. वाट दे!"

नदीला ऐकू यायचं, बरं का. पाणी वर चढलं, तिच्या घोट्यापर्यंत.

"दीडशेच्या दीडशे स्तोत्रं तोंडपाठ आहेत मला!"

पाणी गुडघ्यापर्यंत आलं.

मग तिला राग आला. "वीस वर्षांत प्रार्थनेचा एक रविवार चुकवला नाही मी! अजून काय पाहिजे?"

तशी पाण्यानं तिला ओढलंच. गटांगळ्या खात चालली बिचारी. स्तोत्राची एकही ओळ आठवेना. मग ती ओरडली, "प्रभू, माझं काही चालेना रे! पोर जाईल माझी! धाव!"

पलीकडून कुणीतरी धावत पाण्यात आलं. तिला लेकरासारखं खांद्यावर घेतलं. त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण होते. तिनं ओळखलं.

बागेत उतरल्यावर हळूच म्हणाली, "प्रभू, याच्या बदल्यात किती उपास करू?"

तो हसला. "आधी खा गं. किती दिवस उपाशी आहेस?"

मग त्यानं तिचा पदर अंजिरांनी भरला आणि स्वतःच तिला अलीकडं आणून सोडलं.

सुवार्तानं एक अंजीर खाल्लं. घाम सुटला. उठून बसली नि म्हणाली, "आई, भाकर दे."

चर्चमधले पाळकसाहेब आले. "रिबकाबाई, कुठल्या उपासाचं फळ हे?"

"उपासाचं कसलं, साहेब! मी तर बुडालेच होते. माझ्या प्रभूनं मला खांद्यावर नेलं. मला!" असं तोऱ्यात सांगितलं, की सगळं गाव ऐकत राहिलं.

उरलेली अंजिरं तिनं दारोदार वाटली. कधी प्रभूच्या देवळाची पायरी न चढलेल्या दारुड्या लाजरसला दोन जास्तच.

आणि ती सुवार्ता म्हणजे माझी पणजी, बरं का! आपण त्या घरातली माणसं. पुढं सगळी सुखानं नांदली.

काय रे, प्रार्थना अर्धीच राहिली आणि डोळे मिटले तुझे? मिटू देत. तो नाही रागवायचा. झोप आता.